रिकाम्या रकान्याची परीक्षा



बंगळूरमध्ये राहणाऱ्या माणसाच्या कानांवर संगणकाची भाषा पडल्यावाचून राहत नाही. मी शिक्षणाने एम. ए. आणि पेशाने सरकारी अधिकारी. त्या शास्त्रातला जाणकार नव्हे. परंतु काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात निवृत्तिवेतनाची यादी माझ्या सहीने निघत असे. त्या यादीने मला जो धडा दिला, तो आज आपणांस सांगावयाचा आहे.

कार्यालयाने आपल्या साऱ्या नोंदी एका डेटाबेसमधून दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलविल्या. डेटाबेस म्हणजे नोंदवह्यांचे संगणकातील कपाटच म्हणा ना! यादी तयार करणाऱ्या आज्ञावलीची परीक्षा घेण्यासाठी दुसरी एक आज्ञावली होती. ती रोज रात्री शेकडो प्रश्न विचारी आणि सकाळी ‘सर्व ठीक’ असा निकाल देई. असे असूनही पहिल्याच महिन्यात काही ओळी अशा छापून आल्या, की रक्कम आहे, खाते आहे, पण नावाच्या जागी काहीच नाही. त्या ओळींवरचे पैसे अर्थातच थांबले. चार दिवसांनी एक वृद्ध बाई येऊन बाकावर बसल्या आणि त्यांनी कन्नडमध्ये एवढेच विचारले, “साहेब, माझं नाव कुठं गेलं?”

शोध घेता कारण सापडले. आपणा मराठी माणसांना नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशा तीन पदांची सवय. कर्नाटकात पुष्कळांचे नाव एकच असते. फार तर त्याला एकदोन आद्याक्षरे. त्या बाईंचे पुढचे दोन रकाने रिकामे होते, आणि आज्ञावली तिन्ही रकाने जोडून पूर्ण नाव तयार करी. आता डेटाबेसांच्या रीती पाहा. ओरॅकलमध्ये नावाला रिकामा रकाना जोडला, तरी उरलेले नाव शाबूत राहते. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये त्याच जोडचिन्हाने मूल्यहीन रकाना जोडला, तर सगळे उत्तरच मूल्यहीन ठरते. नोंदी चढत्या क्रमाने लावताना अशा मूल्यहीन नोंदी मायएस्क्यूएल आरंभी ठेवतो, तर पोस्टग्रेस्क्यूएल शेवटी. हे सारे त्यांच्या पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेले आहे; दोष त्यांचा नव्हे. दोष आमचा. परीक्षेच्या मांडणीत जुन्याच डेटाबेसचे नाव राहिले होते. रोज रात्री परीक्षा होई ती रिकाम्या झालेल्या घराची!

मग सगळ्याच शक्यता का तपासू नयेत? हिशेब करून पाहू. डेटाबेस तीन, भाषा तीन – कन्नड, मराठी, इंग्रजी, नावाच्या पद्धती तीन – तीन पदांची, आद्याक्षरांची, एकेरी, आणि यादी दिसण्याची ठिकाणे तीन – संगणकाचा पडदा, फोन, कागद. एवढ्यानेच ८१ जुळण्या होतात. पाचवी बाब आली की २४३, सहावी आली की ७२९. रात्र काही तितकी लांब नसते.

येथे उपयोगी पडते ते कर्नाटकातच जन्मलेल्या एका थोर संख्याशास्त्रज्ञाचे काम. कल्यमपुडी राधाकृष्ण राव यांचा जन्म १९२० साली हूविन हडगली येथे झाला. कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत काम करीत असताना त्यांनी १९४० नंतरच्या दशकात ‘ऑर्थॉगोनल अ‍ॅरे’ या मांडण्यांचा सिद्धांत रचला. तो होता प्रयोगांच्या आखणीसाठी. आज्ञावल्यांची परीक्षा तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. अशा मांडणीने वरच्या ८१ जुळण्यांतून केवळ नऊ निवडता येतात. त्या अशा, की कोणत्याही दोन बाबी घ्या, त्यांची प्रत्येक जोडी नेमकी एकदा येते. राव २०२३ साली, वयाच्या १०२व्या वर्षी निवर्तले.

पण जोड्या पुरेत काय? अमेरिकेतील रिचर्ड कुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पुष्कळसे दोष एका बाबीने किंवा दोन बाबींच्या गाठीने प्रकट होतात. तीन वा अधिक बाबी लागणारे दोष थोडे, पण ते असतात. म्हणून जेथे चूक महाग पडेल, तेथे तीन-तीन बाबींच्या जुळण्याही तपासाव्या लागतात. आमचा दोष दोहोंच्या गाठीचा होता : नवा डेटाबेस आणि एकेरी नाव. नऊ परीक्षांत तो हटकून सापडला असता.

‘असता’ म्हणतो, कारण त्याला एक अट आहे. नऊ जुळण्या गणित निवडते. परंतु ‘एकेरी नाव’ हा एक प्रकार आहे, हे मुळात कोणीतरी माणसाने लिहावे लागते. आमच्या मांडणीत तो शब्दच नव्हता. ज्यांनी ती लिहिली, त्या सर्वांना आडनावे होती. आणि तिला मान्यता देणाऱ्या मलाही. जो माणूस आपल्या ध्यानीमनी नाही, त्याची परीक्षा कोणतेही यंत्र घेत नाही.

पुढे आम्ही मांडणीत नवा डेटाबेस घातला, नावाचे तिन्ही प्रकार घातले, आणि बाकावर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाच्या तक्रारीतून एक नवा प्रश्न त्या रात्रीच्या परीक्षेत लिहिण्याची पद्धत पाडली. पुढच्या महिन्याच्या यादीत त्या बाईंचे नाव थकबाकीसह छापून आले. सही करण्यापूर्वी मी ते दोनदा वाचले.