असईच्या रणातले ‘फ्रेंच’ कोण?

श्रोतेहो, आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदन-जाफराबादच्या बाजूला, केळना आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजेशी इंग्रजांचा आर्थर वेलस्ली लढला. शिंद्यांची कवायती पलटणे ‘फ्रेंच’ होती, असे पुष्कळदा म्हणतात. हे खरे काय?

ही पलटणे उभी केली द बॉयन् याने, महादजींच्या काळात. तो सॅव्हॉय प्रांतातल्या शांबेरीचा. त्याच्या जन्माच्या वेळी सॅव्हॉय फ्रान्समध्ये नव्हताच. कायमचा गेला तो १८६० साली! त्याच्यामागून आलेला पेराँ खरा फ्रेंच. पण तो असईच्या आधीच चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. असईवर म्होरक्या होता पोलमन, हानोवरचा जर्मन. आणि हानोवरचा धनी कोण? इंग्लंडचाच राजा. घ्या!

बंदुका धरणारे बहुतेक शिपाई उत्तर हिंदुस्थानातले. समोर कंपनीकडेही गोऱ्यांपेक्षा मद्रासकडचे शिपाईच अधिक. मग ‘फ्रेंच’ हा शब्द आला कुठून? मे १८०३ मध्ये युरोपात इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध पुन्हा पेटले होते. गव्हर्नर जनरल होता आर्थरचाच थोरला भाऊ. शिंद्यांचा मुलूख घ्यायला ‘फ्रेंचांचा धोका’ हे कारण फार सोयीचे पडले.

फर्नां ब्रोदेल नावाचा थोर फ्रेंच इतिहासकार होऊन गेला. तरुणपणी त्याने अल्जीरियात, म्हणजे फ्रान्सच्या वसाहतीत, मास्तरकी केली. ‘फ्रान्सची ओळख’ हा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९८६ साली निघाला. फ्रान्स एकजिनसी नाही, प्रांताप्रांतांचे वैविध्य हेच त्याचे नाव, असे तो मांडतो. घरी इतका नानारंगी असलेला देश परमुलखात मात्र एका शब्दात मावतो, आणि तो शब्द बहुधा शत्रूने दिलेला असतो, असे मला वाटते.

शांबेरीत द बॉयन्‌च्या स्मरणार्थ १८३८ साली चार हत्तींचे कारंजे उभारले. असईवर शिंद्यांचे गोलंदाज तोफा न सोडता तिथेच पडले. त्यांची नावे कोण सांगणार?

शिक्षक बंधूंनो, पोरांना एकदा केळनेकाठी पिंपळगावला न्या. इथे उतार नाही, असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले होते. पण दोन्ही काठांवर समोरासमोर गावे पाहून त्याने ताडले, की उतार असलाच पाहिजे. तो कसा, हे पोरांनाच विचारा. नदी उतरून जाणाऱ्या माणसांची पोरे आहेत ती.