एका गाण्यातली मुलगी

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एका इंग्रजी गाण्याबद्दल बोलणार आहे, ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’. नाव ठाऊक नसलं तरी चाल कानावरून गेली असेल, कारण गिटार शिकणारी पोरं पहिल्या काही महिन्यांतच ती वाजवायला लागतात. मीही ते कॉलेजात असंच ऐकलं. न्यू ऑर्लिन्स शहरातल्या कुठल्याशा घराच्या नादी लागून वाया गेलेल्या तरुणाची कैफियत, एवढंच तेव्हा कळलं होतं. या तरुणाच्या जागी एक मुलगीही असते, हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

1937 साली अ‍ॅलन लोमॅक्स हा लोकगीतं गोळा करणारा तरुण अमेरिकेतल्या केंटकी राज्यात फिरत होता. मिडल्सबरो नावाच्या गावात, कोळसा खाणींच्या मुलखात, जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने त्याच्या यंत्रापुढे हे गाणं म्हटलं. तिच्या गाण्यात बोलणारी मुलगीच आहे. आई शिवणकाम करणारी, प्रियकर दारुडा. आपली झाली ती गत धाकट्या बहिणीची होऊ नये, असा निरोप ती धाडते आणि स्वतः मात्र त्याच घराकडे परत निघते. ते घर म्हणजे कुंटणखाना, की तुरुंग, यावर जाणकारांत अजून वाद आहे.

इथे घाई करू नये. गाणं जॉर्जियाने रचलेलं नव्हतं. त्याच्या माहीत असलेल्या सर्वांत जुन्या ध्वनिमुद्रणात, 1933 सालच्या, क्लॅरन्स अ‍ॅशलेच्या तोंडी मुलगाच आहे. म्हणजे पुरुषांनी आपलं गाणं पळवलं, असं म्हणून मोकळं होता येत नाही. ते दोन्ही तोंडी फिरत होतं. पण लोमॅक्सने 1941 च्या आपल्या संग्रहात घेतला तो या मुलीचा पाठ, तिच्या नावासकट.

मग गायकांची रीघच लागली. जोन बाएझने 1960 मध्ये ते गायलं, नीना सिमोननेही गायलं. बॉब डिलनच्या 1962 च्या पहिल्या तबकडीत ते आहे आणि तो पुरुष असूनही मुलगी होऊनच गातो. आपल्याला याचं नवल वाटू नये, ज्ञानेश्वरांच्या विरहिणी आपण ऐकतोच की! (डिलनने त्यातली बांधणी डेव्ह व्हॅन राँककडून उचलली, न विचारता. पुढे लोक व्हॅन राँकलाच म्हणायला लागले, हे डिलनचं गाणं तुम्ही का गाता?)

1964 च्या मे महिन्यात ‘द अ‍ॅनिमल्स’ या इंग्लंडमधल्या पोरांनी ते लंडनमध्ये एका दमात ध्वनिमुद्रित केलं. ते इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि जगाने लक्षात ठेवला तो हाच मुलगा.

बदललं काय? मराठीत असं गाणं फिरवायचं तर ‘गेले’चं ‘गेलो’ करत बरीच क्रियापदं बदलावी लागतील. इंग्रजीत एक-दोन शब्दांत भागतं, म्हणून ऐकणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. दारुड्या प्रियकराच्या जागी जुगारी बाप येतो. आणि मला सर्वांत टोचतं ते हे, की धाकटी बहीण नाहीशी होते. जॉर्जियाच्या गाण्यात पोळलेली मुलगी बहिणीला सावध करते. इथे तो मुलगा आयांना सांगतो, तुमच्या पोरांना आवरा. म्हणजे बिघडणार हा, आणि राखण आईने करायची!

पैशाचंही सांगते. गाणं कोणा एकाचं नसल्यामुळे तबकडीवर बांधणी करणाऱ्याचं नाव गेलं, आणि पाच जणांपैकी एकट्या अ‍ॅलन प्राइसचंच गेलं. बाकीचे चौघे त्यावर पुढे कायम धुसफुसत राहिले. त्यांची तक्रार सगळ्यांना पाठ आहे. जॉर्जिया 1969 मध्ये वारली. तिच्या हाती आली ती किरकोळ रक्कम.

डॉली पार्टनने 1980 मध्ये ते घर पुन्हा बाईच्या तोंडी दिलं आणि तो कुंटणखानाच आहे, हे आडपडदा न ठेवता सांगितलं. तबकडी कुठली, तर ‘नाइन टू फाइव्ह अँड ऑड जॉब्ज’. कचेरीत राबणाऱ्या बायकांच्या गाण्याशेजारी हे गाणं! हाही पोटापाण्याचा एक धंदाच, असं तिने नुसत्या जागेवरून सुचवलं. यावर आपल्यात दुमत होईल, चहाच्या वेळी जरूर भांडू.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीबरोबर ती म्हणणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. लोमॅक्सनेही तेवढं केलं होतं, म्हणूनच आज मला जॉर्जियाचं नाव घेता येतंय.

तिचा तो 1937 चा आवाज आता लावते. खरखर फार आहे, मागच्यांनी जरा पुढे सरकून बसा. आणि तो पंखा बंद कर गं कोणीतरी.