संगणकाची सकाळची हजेरी



माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनीं आपल्या गांवाचा इतिहास लिहावयास घेतला होता. सहा वर्षांचीं टिपणें, जुन्या कागदपत्रांचीं छायाचित्रें, वृद्धांच्या मुलाखती, असा सारा संसार त्यांच्या घरच्या संगणकांत होता. एके दिवशीं सकाळीं त्यांनीं यंत्र सुरू केलें, तों पडद्यावर लहानशी चौकट उमटली: अमुक फाईल सांपडत नाहीं. गुरुजी घाबरले. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांस त्यांनीं बोलाविलें. त्यांनीं चौकटीकडे क्षणभर पाहिलें आणि निकाल दिला, "सगळें पुसून नव्यानें भरावें लागेल." गुरुजींनीं एका दिवसाची मुदत मागून घेतली आणि संध्याकाळीं ते माझ्याकडे आले. "अहो, एका फाईलीपायीं सहा वर्षें पुसावयाचीं काय?" असा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचें उत्तर आज आपल्यापुढें ठेवावयाचें आहे.

आपण कळ दाबतों तेव्हां संगणकाच्या मुख्य फळ्यावरील एका चिपेंत साठविलेली छोटी आज्ञावली प्रथम जागी होते. ती यंत्राच्या अवयवांची तपासणी करून डिस्कवरील आरंभक शोधते. आरंभक विंडोजचा गाभा स्मृतींत आणतो. गाभा निरनिराळ्या उपकरणांचे चालक व सेवा उभ्या करतो. आणि आपण आंत प्रवेश केल्यावर, आपण वेळोवेळीं बसविलेले कार्यक्रम आपापल्या जागीं येतात. शाळेंत घंटा झाल्यावर हजेरी घेतात, तसाच हा प्रकार. पटावरील एकेक नांव पुकारलें जातें, आणि त्या नांवाची फाईल उभी राहिली नाहीं म्हणजे ती चौकट दिसते.

आतां, हजेरीच्या वेळीं मुलगा उभा राहिला नाहीं याचे अर्थ दोन. एक तर मुलगा खरोखरच हरवला आहे. किंवा तो केव्हांच शाळा सोडून गेला, पण पटावरील नांव खोडावयाचें राहिलें आहे. हा भेद जुना आहे. विंडोज ९५ व ९८ या आवृत्त्यांच्या काळीं एक संदेश येत असे, कीं नोंदवहींत या फाईलीचा उल्लेख आहे, परंतु फाईल आतां अस्तित्वांत नाहीं. म्हणजे पट आणि वर्ग जुळत नाहींत, एवढेंच तो सांगे. चूक कोणत्या बाजूस आहे, तें आपण पाहावयाचें.

तें ओळखण्याची पहिली खूण म्हणजे संदेश केव्हां आला ही होय.

विंडोजचें चिन्ह दिसण्यापूर्वींच काळ्या पडद्यावर संदेश आला, तर आरंभकच सांपडलेला नाहीं. २००१ सालच्या एक्सपी आवृत्तींत अशा वेळीं 'एनटीएलडीआर' हें नांव दिसे. व्हिस्टापासून पुढें 'बूटएमजीआर' दिसूं लागलें. येथें घाबरण्यापूर्वीं यंत्रास एखादा पेनड्राईव्ह लावून राहिला आहे काय, तें पाहावें. संगणक भलत्याच दारीं आरंभक शोधीत बसतो, असें पुष्कळदां घडतें. तो काढून यंत्र पुन्हां सुरू करावें. तरीही संदेश आल्यास, आरंभींच्या मांडणींत डिस्कचें नांव दिसतें कीं नाहीं, हें तपासावें. नांव दिसत असेल, तर विंडोज बसविण्याच्या पेनड्राईव्हवरून 'स्टार्टअप रिपेअर' हा उपाय करतां येतो. नांव दिसत नसेल, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र यंत्र बंद करावें व जाणकाराकरवीं प्रथम आंतील मजकूर बाहेर काढून घ्यावा. मरणोन्मुख डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करूं नयेत.

विंडोज सुरू होतें, पण त्याच्या स्वतःच्याच फाईली बिघडल्या आहेत असें वाटलें, तर दोन आज्ञा उपयोगी पडतात. पहिली 'डीआयएसएम', जी विंडोजनें राखून ठेवलेला मूळ प्रतींचा सांठा दुरुस्त करते. दुसरी 'एसएफसी', जी त्या सांठ्याशीं ताडून बिघडलेल्या फाईली बदलते. क्रम हाच ठेवावा; सांठाच सदोष असेल, तर त्यांतून निर्दोष प्रत कोठून मिळणार?

आपण आंत प्रवेश केल्यावर, सारें नीट चालूं असतां चौकट आली, तर बहुधा पटावर जुनें नांव राहिलें आहे असें समजावें. एखादा कार्यक्रम अर्धवट काढून टाकला, किंवा विषाणुनाशकानें घातक फाईल नष्ट केली पण तिला हांक मारणारी नोंद तशीच राहिली, म्हणजे असें होतें. 'टास्क मॅनेजर'मधील 'स्टार्टअप' या भागांत ही नोंद पाहावी. तेथें न मिळाल्यास मायक्रोसॉफ्टचा 'ऑटोरन्स' हा मोफत कार्यक्रम आहे. ज्या नोंदींची फाईल सांपडत नाहीं, त्या तो पिवळ्या रंगांत दाखवितो. नोंद पुसूं नये. तिच्यापुढील खूण तेवढी काढावी. चूक झाल्यास खूण परत करतां येते.

एक धोका मुद्दाम सांगतों. हरवलेल्या फाईलीचें नांव इंटरनेटवर शोधून, कोणत्याही अनोळखी ठिकाणाहून त्या नांवाची फाईल आणून बसवूं नये. नांव तेंच असलें म्हणून मुलगा तोच असतो असें नाहीं. ज्या कार्यक्रमास ती फाईल हवी, तो त्याच्या मूळ कर्त्याकडून घेऊन पुन्हां बसवावा. 'एमएसव्हीसीपी१४०' ही फाईल नाहीं असें दिसलें, तर मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ चा संच मोफत मिळतो. त्यांत ती असते. तसेंच ऐकीव गोष्टीवरून कोणतीही फाईल काढूंही नये. २००२ सालीं एक पत्र जगभर फिरलें, कीं अस्वलाचें चित्र असलेली 'जेडीबीजीएमजीआर' ही फाईल विषाणु आहे. ती विंडोजचीच निरुपद्रवी फाईल होती. पण लोकांनीं ती आपल्या हातांनीं पुसली आणि तेंच पत्र स्नेह्यांनाही पाठविलें.

आतां गुरुजींकडे वळतों. मीं प्रथम त्यांचें सारें लेखन एका बाहेरच्या डिस्कवर उतरून घेतलें. नव्या संगणकांतील डिस्क पुष्कळदां कुलूपबंद असते, म्हणून तिची ४८ अंकी किल्लीही कागदावर लिहून ठेविली. मग शोध केला, तों चौकटींतील फाईल त्यांनीं दिवाळींत काढून टाकलेल्या एका जुन्या छपाईयंत्राच्या कार्यक्रमाची निघाली. खूण काढली, दुसऱ्या दिवशीं हजेरी निमूटपणें झाली. गुरुजी आतां प्रत्येक रविवारीं आपल्या लेखनाची दुसरी प्रत काढून ती धाकट्या भावाच्या घरीं ठेवतात. आपणही निदान एवढें करावें, अशी विनंती करून मी आपली रजा घेतों.