‘खात्री झाली’ म्हणजे कुणाची? : देवळी कॅम्प आणि न झालेला खटला

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, लोकलमध्ये नेट जातं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

आधी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तिथे डिलिव्हरी ॲपचं एक फीचर माझ्याकडे होतं. रायडरविरुद्ध ठरावीक प्रकारची तक्रार आली की त्याचा आयडी आपोआप बंद करायचा आणि तपासणी नंतर करायची. स्क्रीनवर ओळ यायची, ‘तपासणीनंतर आपला आयडी स्थगित करण्यात आला आहे.’ ती ओळ मीच टाकली होती, आणि तपासणी कुणीच केलेली नसायची. एका रायडरचा ईमेल चुकून माझ्यापर्यंत आला. त्याचा एकच प्रश्न होता, ‘सर, मी केलं काय ते तरी सांगा.’ मला सांगता आलं नाही, कारण आमच्या डेटाबेसमध्ये कारणाचा रकाना भरणं सक्तीचं नव्हतं.

आयडी बंद होणं आणि तुरुंगात जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मला कळतं. पण त्या दिवसांत मी देवळी कॅम्पबद्दल वाचत होतो आणि तो रिकामा रकाना डोक्यातून जाईना.

सुरुवात मुंबईपासून करू. १९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने गिरण्यांचा संप चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्यातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, एवढी वाढली की सरकार आणि मालक दोघंही हादरले. २० मार्च १९२९ ला देशभर धाडी पडल्या. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे असे मुंबईचे बरेच पुढारी उचलले गेले. त्यांत अर्जुन आळवे आणि कासले हे स्वतः गिरणीत राबलेले कामगारही होते. आरोप काय, तर बादशहाचं राज्य उलथवण्याचा कट. खटला मुंबईत नाही, कलकत्त्यात नाही, थेट मेरठला. तिथे ज्युरी बसवावी लागत नव्हती.

हा खटला जवळजवळ चार वर्षं चालला. आरोपींनी कोर्टालाच सभा करून टाकलं. लांबलचक निवेदनं दिली, ती वर्तमानपत्रांत आली, इंग्लंडमध्ये त्यांच्या बाजूने समित्या निघाल्या. जानेवारी १९३३ मध्ये शिक्षा लागल्या, डांग्यांना बारा वर्षं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने बहुतेक शिक्षा कापल्या आणि काहींना निर्दोष सोडलं. त्यांत आळवे आणि कासले होते. म्हणजे चार वर्षं आत काढल्यावर कळलं की गुन्हा नव्हताच. ठेंगडी नावाचे वयस्कर पुढारी तर निकालाआधीच वारले.

तरी मेरठमध्ये एक गोष्ट होती, सरकारला काहीतरी सिद्ध करावं लागत होतं. आरोपपत्र होतं, साक्षीदार होते, उलटतपासणी होती, वर अपील होतं.

आता मार्च १९४०. महायुद्ध सुरू झालेलं, बाजारात भाव चढलेले. मुंबईच्या गिरण्या पुन्हा बंद पडल्या, यावेळी महागाई भत्त्यासाठी. दीड लाखाहून जास्त कामगार संपावर. डांगे आणि इतर पुढारी पुन्हा धरले गेले, पण यावेळी खटला झालाच नाही. भारत संरक्षण कायद्याखाली केलेला नियम २६ होता. एखाद्याला अमुक कृत्यांपासून रोखणं गरजेचं आहे अशी सरकारची ‘खात्री झाली’ की त्याला स्थानबद्ध करता येत होतं. त्यात आरोप नाही, साक्षीदार नाही आणि शिक्षेची मुदतही नाही. माझं मत विचाराल तर मेरठमधून सरकार शिकलं ते एवढंच, की खटला महाग पडतो.

ही सोय त्यांनी युद्धासाठी नवीन शोधली असंही नाही. मुंबई इलाख्याचं १८२७ सालचं एक रेग्युलेशन होतं, पंचविसावं. पुण्याच्या नातू बंधूंना १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर त्याखाली उचललं, कधीच खटला न चालवता. १९३० मध्ये गांधीजींना येरवड्यात टाकलं तेही त्याच रेग्युलेशनखाली. शंभर वर्षं जुना कोड, प्रॉडक्शनमध्ये चालू. आमच्याकडे असल्या कोडला कुणी हात लावत नाही, कारण तो ‘चालतोय’.

तर यांना नेलं कुठे? देवळीला. राजपुतान्यात, अजमेर-मेरवाड्यात, मुंबईपासून शेकडो मैल. १९३० च्या दशकात बंगालचे स्थानबद्ध तिथेच ठेवले होते, म्हणजे जागा तयारच होती. डांगे, रणदिवे, घाटे आणि समाजवाद्यांपैकी जयप्रकाश नारायण, असे देशभरचे लोक तिथे गोळा केले. परळच्या चाळीतल्या बायकोने नवऱ्याला भेटायला राजपुतान्यात जायचं कसं? गाडीभाडं कुठून आणायचं? आणि शिक्षा झालेल्या माणसाच्या घरी निदान दिवस मोजता येतात. इथे मोजणार काय?

ऑक्टोबर १९४१ मध्ये कॅम्पात उपोषण सुरू झालं. मुख्य मागणी म्हणजे आम्हाला आपापल्या प्रांतात परत न्या. आयटकच्या संस्थापकांपैकी एक, ना. म. जोशी, मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते. स्वभावाने आणि विचाराने मवाळ, कम्युनिस्टांशी त्यांचं आयुष्यभर फारसं जमलं नाही. तरी ते देवळीला गेले, कैद्यांना भेटले आणि दिल्लीत हा प्रश्न लावून धरला. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत आवडलेला माणूस हाच. शेवटी सरकारने बंद्यांना प्रांतांत परत पाठवायचं मान्य केलं. तुरुंग मात्र सुटला नाही.

आता कोर्टाची बाजू, कारण खरी गंमत तिथे आहे. केशव तळपदे या मुंबईतल्या स्थानबद्धाचं प्रकरण फेडरल कोर्टापर्यंत गेलं. २२ एप्रिल १९४३ ला सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने सांगितलं की नियम २६ बेकायदा आहे. मूळ कायदा ‘वाजवी संशय’ असलेल्या माणसाबद्दल बोलतो आणि नियम नुसत्या सरकारच्या ‘खात्री’वर माणूस आत टाकतो. नियम कायद्याच्या पुढे धावलाय. जिंकलो ना? नाही. आठवडाभरात व्हाइसरॉयचा वटहुकूम निघाला. कायद्याचेच शब्द बदलले आणि आधीचे आदेशही मागच्या तारखेपासून वैध. हॉटफिक्स!

त्याच वर्षी बंगालच्या नऊ स्थानबद्धांचं प्रकरण आलं, शिबनाथ बॅनर्जी खटला म्हणून ओळखतात. त्यात गृहखात्याच्या अधिकाऱ्याकडूनच उघड झालं की पोलिसांची शिफारस आली की स्थानबद्धतेचा आदेश नेहमीच्या पद्धतीने निघायचा, तपासून बघणं नंतर. आदेशावर छापलेलं असायचं की गव्हर्नरची खात्री झाली आहे. १९४५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तळपदे निकाल चुकीचा ठरवला, नियम २६ वैध म्हटला. पण त्यांनाही हे मान्य करावं लागलं की गव्हर्नरच्या खात्रीच्या जागी पोलिसांची शिफारस चिकटवून चालत नाही.

हे वाचताना मी लॅपटॉप बंद केला. ‘तपासणीनंतर आपला आयडी...’

डांगे १९४३ मध्ये सुटले. तोवर युद्धाची गणितं बदलली होती, रशिया इंग्लंडच्या बाजूला आला होता आणि कम्युनिस्ट पक्ष युद्धाला पाठिंबा देत होता. आत टाकताना गुन्हा सांगितला नव्हता, त्यामुळे सोडताना निर्दोष ठरवायचाही प्रश्न आला नाही. फाइल उघडली तशी मिटली. देवळी कॅम्प मात्र राहिला. १९६२ च्या युद्धात आपल्याच देशातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, बायकामुलांसकट, तिथे नेऊन ठेवलं. त्यांच्यावरही खटला चालला नाही, आणि तेव्हा सरकार आपलं होतं.

त्या रायडरचं विचाराल, तर मी टिकेट टाकलं, दोनदा मागे लागलो. अकराव्या दिवशी आयडी सुरू झाला. कारणाचा रकाना तेव्हाही रिकामाच होता.