परिषदेचं यजमानपद कुणाकडे?



‘निवडून आलो की परिषद घेऊ.’ हे आश्वासन आपण सगळ्यांनी ऐकलंय. गेल्या खेपेला आमच्या मोहल्ल्यातल्या सभेतही एका उमेदवारानं युवा परिषदेचा शब्द दिला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होतो. त्यांनी शब्द पाळला. परिषद झाली, हार-तुरे झाले, फोटो निघाले. उर्दू शाळेच्या स्वच्छतागृहाला मात्र अजून दार नाही. शब्द पाळूनही काम का झालं नाही, हे समजून घेण्यासाठी मी आज अमेरिकेची उदाहरणं देतो. तिथल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांनी अशी आश्वासनं दिली आणि पुढे काय झालं, तेही जगासमोर आहे.

२००८ च्या प्रचारात बराक ओबामा म्हणाले होते की, निवडून आल्यावर मुस्लिम देशांच्या प्रमुखांची शिखर परिषद भरवू. ४ जून २००९ ला त्यांचं कैरोमध्ये भाषण झालं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. आम्ही मुलांनी ते कौतुकानं ऐकलं. एप्रिल २०१० मध्ये वॉशिंग्टनला परिषदही भरली, पण उद्योजकांची. राष्ट्रप्रमुखांची राहूनच गेली.

२०२० मध्ये जो बायडन यांनी दोन परिषदांचा शब्द दिला. पहिली हवामानावर, शंभर दिवसांच्या आत. ती २२ आणि २३ एप्रिल २०२१ ला झाली. तिथे त्यांनी आकडा जाहीर केला: २०३० पर्यंत अमेरिकेचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ५० ते ५२ टक्क्यांनी कमी करू. ते होईल न होईल, पण आकडा आहे, म्हणून जाब विचारता येतो.

दुसरी परिषद लोकशाहीवर, पहिल्या वर्षात. तीही ९ आणि १० डिसेंबर २०२१ ला झाली. शंभराहून जास्त सरकारांना बोलावणं होतं. पाकिस्तानला निमंत्रण गेलं, पण ते सहभागी झाले नाहीत. बांगलादेश आणि तुर्कस्तानला निमंत्रणच नव्हतं. यादी यजमानाची, विषयही यजमानाचे. आलेल्या देशांनी आपापल्या मनानं संकल्प जाहीर केले. बंधनकारक काहीच नव्हतं. २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा परिषदा झाल्या. म्हणजे आश्वासन पाळलंच गेलं, पण हातात काय आलं, हे मोजणार कसं?

आता तिसरं उदाहरण. २० जुलै २०२० ला ‘एमगेज ॲक्शन’ या अमेरिकन मुस्लिमांच्या संघटनेनं ऑनलाइन परिषद घेतली. नाव होतं ‘मिलियन मुस्लिम व्होट्स समिट’. इथे बायडन पाहुणे होते आणि मतदार यजमान. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर घातलेली आणि पुढे बदलत गेलेली प्रवेशबंदी पहिल्याच दिवशी उठवू, असा शब्द त्यांनी तिथे दिला. २० जानेवारी २०२१ ला, शपथेच्या दिवशी, त्यांनी त्यावर सही केली.

हे एका सहीचं काम होतं, हे मान्य. आणि तेवढ्यानं हिशेब संपतही नाही. गाझाच्या प्रश्नावरून फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनच्या प्राथमिक निवडणुकीत बायडन यांच्याच पक्षाच्या १ लाखाहून जास्त मतदारांनी त्यांना मत न देता ‘अनकमिटेड’वर खूण केली.

माझ्या ऑफिसात कुणी ‘मीटिंग झाली’ एवढंच सांगून काम पूर्ण दाखवलं, तर ते काम परत उघडलं जातं. समाजाच्या कामात आपण हे का करत नाही? आपल्याकडे मशवऱ्याला केवढं मोठं स्थान आहे. कुरआनात ‘अश-शूरा’ नावाची सूरहच आहे. पण निर्णय आधीच झालेला असताना नुसतं बसवून घेणं, याला मशवरा म्हणत नाहीत.

म्हणून माझी विनंती आहे. यापुढे उमेदवाराकडे परिषद मागू नका. परिषद आपण घेऊ, त्यांना बोलावू. विषय एक ठेवू, कोणतं काम कोणत्या तारखेपर्यंत होणार ते विचारू, आणि उत्तर सगळ्यांसमोर वहीत लिहून घेऊ. सहा महिन्यांनी तीच वही घेऊन त्यांच्या दारात जाऊ.

आमच्या वहीतलं पहिलं काम ठरलंय: शाळेचं दार. तुमच्या वस्तीतलं पहिलं काम कोणतं, ते आज इथून उठण्याआधी ठरवा.