चार दिवसांचे पाहुणे

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधून दक्षिणेकडे दृष्टि टाकिली म्हणजे मलंगगडाचे डोंगर दिसतात. त्या डोंगरांच्या पायथ्याशीं, तसेंच अंबरनाथ व बदलापूर यांच्या पलीकडील रानांत, ठाकूर आणि कातकरी यांचे पाडे आहेत. शहरापासून तेथवरचें अंतर फारसें नाहीं. तरी नाताळच्या सुट्टींत किंवा एखाद्या रविवारीं तिकडे निघालेल्या मंडळीस आपण दूरच्या मुलखांत चाललों आहोंत असें वाटत असतें. टेंपोंत जुने कपडे, औषधांची पेटी, मुलांसाठीं बिस्किटें, आणि मंडळी ख्रिस्ती असली तर ढोलकी व गीतांचीं पुस्तकें. बहुतेक संध्याकाळीं परततात. कोणी आठवडाभर राहतात. अल्पमुदतीच्या धर्मसेवेची ही चाल आज जगभर रूढ आहे. ऑस्ट्रेलियांतील आदिवासींच्या वस्त्यांवर पंधरा दिवसांकरितां जाणारे तरुणांचे जथे याच जातीचे.

अशा भेटीनें काय साधतें, हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्यांच्या दारीं हे पाहुणे येतात त्यांच्याकडे दुसरें कोणी फिरकतेंच असें नाहीं. शिवाय कॅम्प ४ ला तरी घेणाऱ्याच्या बाजूचा अनुभव आहे. युद्धकाळांतील लष्करी बराकींत १९४७ नंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें राहिलीं, सरकारी शिध्यावर त्यांनीं दिवस काढले, आणि १९४९ साली त्या छावणीचें उल्हासनगर झालें. हातांत कांहीं ठेवून निघून जाणारा मनुष्य कसा दिसतो, हें तेथील वृद्धांस कोणी सांगावयास नको.

ठाणें जिल्ह्याच्या रानांत असे पाहुणे पूर्वींहि येत. डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईस आले; १८३२ साली त्यांनीं काढलेल्या शाळेचेंच पुढें विल्सन कॉलेज झालें. मुंबईबाहेर ते वारंवार दौऱ्यावर निघत. अशा दौऱ्यांत उत्तर कोंकणांतील वारली व कातोडी लोकांशीं त्यांची गांठ पडली, आणि त्यांच्याविषयींचा त्यांचा निबंध १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्या निबंधांतील वारल्यांशीं झालेली प्रश्नोत्तरें फार मौजेचीं आहेत. आपला देव वाघ्या, म्हणजे वाघांचा स्वामी, असें वारल्यांनीं सांगितलें. त्याला आकार कसला? शेंदूर फासलेला ओबडधोबड दगड. त्याला कोंबडें-बकरें द्यावें, त्यानें वाघापासून राखावें आणि पीक पिकवावें, असा व्यवहार. दगडाच्यानें हें कसें होतें, असें साहेबांनीं खोदून विचारलें, तेव्हां त्या ठिकाणीं दगडाखेरीज आणखी कांहीं तरी आहे, पण तें काय हें आपणांस ठाऊक नाहीं, वाडवडिलांनीं दाखविलें तसें आपण करतों, असें उत्तर मिळालें. देव आपला शब्द पाळीनासा झाला तर ते त्याला खुशाल रागें भरत. मारीत मात्र नसत. नरकाचा विषय निघाला, तेव्हां तें गांव कसलें आहे हें त्यांना सांगतां येईना.

विल्सनसाहेब गेले होते उपदेश करावयास, आणि वारल्यांचे देव खोटे आहेत याविषयीं त्यांच्या मनांत तिळमात्र शंका नव्हती. असें असूनहि त्यांनीं विचारलें, ऐकलें, आणि आपल्या मताला न मानवणारीं उत्तरेंहि लिहून ठेविलीं. त्या दौऱ्यांतील उपदेशापेक्षां वारल्यांचीं उत्तरेंच आज अधिक मोलाचीं वाटतात. आणि हें शक्य झालें याचें कारण अगदीं साधें आहे: ते मराठी शिकले होते. रानांतील भेट थोड्या काळाची, पण तिच्यामागची तयारी अनेक वर्षांची होती.

याच्या उलट टोकाला, जाऊन तेथेंच राहणारे. मध्य ऑस्ट्रेलियांत हर्मन्सबर्ग येथें कार्ल स्ट्रेलो हा जर्मन पाद्री १८९४ पासून १९२२ पर्यंत राहिला आणि तेथील लोकांची भाषा व पुराणकथा त्यानें लिहून काढल्या. दीर्घ वास्तव्य म्हणजे निर्दोष वास्तव्य, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. त्याच देशांत आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून सरकारी व मिशनच्या वसतिगृहांत ठेवीत, आणि त्याबद्दल तेथील पंतप्रधानांनीं २००८ साली संसदेंत जाहीर क्षमा मागितली.

आपल्याकडचें उदाहरण व्हेरियर एल्विन यांचें. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघासाठीं ते १९२७ साली आले, आणि १९३२ च्या जानेवारींत शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्रासह मंडला जिल्ह्यांतील करंजिया येथें गोंडांमध्यें राहावयास गेले. तेथें धर्मोपदेश करावा असा नागपूरच्या बिशपांचा आग्रह होता; एल्विन यांनीं तो मानला नाहीं, आणि १९३५ साली ते चर्चमधून बाहेर पडले. एल्विन यांचें नांव पुष्कळांस ठाऊक असतें, हिवाळ्यांचें क्वचितच. हा अन्याय आहे. एल्विन पुढें ईशान्य भारतांत गेले. हिवाळे मागें त्याच डोंगरांत राहिले. परधानांवरील त्यांचा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला.

पण प्रत्येकाला हिवाळे होतां येत नाहीं. नोकरी आहे, संसार आहे. चार दिवस ज्याच्यापाशीं आहेत त्यानें चारच दिवस द्यावेत, त्यांत कमीपणा नाहीं. जाण्यापूर्वी आपण कोणाकडे व कोणत्या दिवसांत जात आहोंत, एवढें त्यानें जाणलें पाहिजे. १९५६ च्या कायद्यानें संरक्षित असलेल्या उत्तर सेंटिनेल बेटावर जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण नोव्हेंबर २०१८ मध्यें धर्मप्रचारार्थ उतरला आणि प्राणांस मुकला. बाहेरच्या रोगांशीं ज्यांची ओळख नाहीं त्यांच्यांत आपला श्वासहि घातक ठरूं शकतो, याचा विचार त्याच्या उत्साहापुढें मागें पडला.

मलंगगडाखालीं असला धोका नाहीं. तेथें घोटाळा होतो तो महिन्यांचा. कातकऱ्यांचें नांवच कातावरून पडलें. खैराचीं लांकडें उकळून ते कात काढीत. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रान सरकारचें झालें, खैरावरचा हक्क गेला, आणि कातकरी कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांकडे वळला. महाराष्ट्रांतील ज्या तीन जमाती केंद्र सरकारनें विशेष दुर्बल ठरविल्या आहेत त्यांत कोलाम व माडिया यांच्याबरोबर कातकरीहि आहे. पावसाळ्यांत घरीं मजुरी नसते. तेव्हां भट्टीमालकाकडून उचल घ्यावी, आणि दिवाळीनंतर बायकापोरांसह भट्टीवर जाऊन ती फेडावी. फिटली नाहीं तर पुढल्या वर्षीं पुन्हां तोच मालक. मुलाचें नांव शाळेच्या पटावर असतें, मूल मातीच्या चिखलांत.

म्हणून नाताळांत पाहुणे येतात तेव्हां पाड्यावर कुलपें असतात, किंवा नुसती झांपें ओढलेलीं. दोन म्हातारीं, एखादी आजारी सून, कुत्रीं. पाहुणे तेवढ्यांसच कपडे वांटतात, गीत म्हणतात, आणि हे लोक किती थोडे व किती निरुद्योगी, असें बोलत परततात. वाटेंत भट्ट्यांचा धूर दिसतो. पण तीच माणसें तेथें विटा थापीत आहेत हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. झोंपडीखालची जमीनहि पुष्कळदां दुसऱ्याच्या नांवावर असते. उठ म्हटलें कीं उठावें लागतें. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं दावा करावयाचा तर कागद हवे, आणि जातीचा दाखला मिळवितांना तालुक्याच्या ठिकाणीं मजुरीचे दिवस बुडतात. कपड्यांच्या गांठोड्यापेक्षां अर्ज लिहून देणारा एक मनुष्य अशा ठिकाणीं अधिक उपयोगी पडेल.

शिमग्याला मात्र पाडा भरतो. भट्टीवरचीं कुटुंबें दोन-चार दिवसांसाठीं घरीं येतात, होळी पेटते, रात्रभर नाच चालतो. आजी-आजोबांना नातवंडें भेटतात. मग मुकादमाचा टेंपो येतो, आणि पावसाचीं चिन्हें दिसेपर्यंत तीं सारीं पुन्हां भट्टीवर जातात.