हाताला लागली ती शिडी

(ग्रामपंचायतींच्या पाणीपुरवठा व दिवाबत्ती कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण, हिवरे बाजार)



मघाशी हार मी डाव्या हातानं घेतला, तो उद्धटपणा समजू नका. माझं उजवं मनगट पुरतं वळत नाही. तीस वर्षांपूर्वी एका गावात दिवाबत्तीचं काम करत होतो. शाळेच्या भिंतीवरचा बल्ब बदलायला चढलो. शिडी वीतभर तोकडी होती. वीतभरच तर आहे म्हणून शेवटच्या पायरीवर उभा राहिलो, धरायला काही उरलं नाही, आणि खाली आलो. लोक म्हणाले, पाय घसरला. मला विचाराल तर चूक त्याआधीच झाली होती. मी शिडी निवडलीच नव्हती. कार्यालयामागं पडलेली उचलली होती.

हे बोलायला हिवरे बाजारसारखी दुसरी जागा नाही. गाव पर्जन्यछायेतलं, सरासरी पाऊस 400 मिलिमीटरच्या आसपास. गावचं सरपंचपद सांभाळलेल्या पोपटराव पवारांच्या पुढाकारानं इथं डोंगरावर समतल चर खणले गेले, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी झाली; हे आपण ऐकून आहोत. मला मोलाचं वाटतं ते गावाचं पाण्याचं अंदाजपत्रक. पावसाळा सरला की पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, हे मोजतात. माणसांचं, जनावरांचं पाणी बाजूला काढतात. मगच पीक ठरतं, तेही ग्रामसभेत. बाकी मुलखात आधी ऊस लावतात आणि मग पाण्याच्या शोधात जमीन भोसकत जातात. शिडीच्या बाबतीत आपण सगळे त्याच मुलखातले. शिडी आधी उचलतो, उंची मागाहून बघतो. आणि कमी पडली की खाली विटा, पिंप, नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली!

तेव्हा पहिली मोजणी जमिनीवर. मुळात चढायला हवं का? टाकीत पाणी किती हे बघायला रोज वर जाणारे इथं बरेच असतील. तरंगत्या डब्याला दोरी बांधून बाहेरच्या पट्टीवर काटा फिरवला, की ती चढण कायमची वाचते.

चढायचंच असेल, तर काम किती वेळाचं ते बघा. ब्रिटनच्या सुरक्षा खात्याचा सल्ला असा, की शिडीवर एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त काम करू नये. टाकीला रंग देणं हे शिडीचं काम नव्हेच, तिथं परांची बांधा. जवळ वीज असेल तर ॲल्युमिनियमची शिडी घरीच ठेवा. लाकडाची किंवा फायबरची आणा, तीही कोरडी. आणि प्रवाह बंद करून घ्या, शिडी बदलली म्हणून तार निर्धोक होत नाही.

टेकवायच्या शिडीचा हिशेब सोपा आहे: टेकू चार मीटरवर असेल तर बूड भिंतीपासून एक मीटर. टेप नसेल तर शिडीच्या बुडाला पायाची बोटं लावून ताठ उभे राहा, हात समोर सरळ करा. तळवे पायरीवर आरामात टेकले तर कोन बरोबर. टाकीच्या छतावर उतरायचं असेल तर शिडी काठाच्या वर मीटरभर गेली पाहिजे आणि वर बांधलेली पाहिजे. चढताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, शिडीला लागलेले हवेत. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरची बादली मागाहून दोरीनं ओढा. आणि करदोडा दोन दांड्यांच्या आत ठेवा. तो बाहेर गेला की शिडी आडवी व्हायला लागते. उतरून शिडी सरकवण्याचा कंटाळा, एवढंच कारण असतं त्याला.

रंगारी वापरतात ती घोडी पुरती उघडून तिचे आडवे पट्टे घट्ट बसवल्याशिवाय चढू नका. मिटलेली घोडी भिंतीला टेकवणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. चाकांची शिडी काही कार्यालयांच्या भांडारात आली आहे. ती फरशीसाठी आहे, मुरमासाठी नाही. ब्रेक लावून चढा. वर उभं राहून कपाटाला हात लावत स्वतःला ढकलत नेणारे महाभाग मी पाहिलेत.

आता पडण्याचा हिशेब. दोन मीटर म्हणजे काय, फार तर माणूसभर उंची, असं वाटतं. तिथून पडणारा जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी 22 किलोमीटर असतो, आणि वेळ अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. सावरू म्हणणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवावा.

कारखान्यांना 2025 पर्यंत 1948 चा कायदा होता. त्याचं कलम 32 कामाच्या जागी जायची वाट सुरक्षित ठेवायला सांगायचं. शिड्यांसाठी भारतीय मानक 3696 चा दुसरा भाग आहे. पण ग्रामपंचायत कारखाना नव्हे, तिची शिडी बघायला कारखाना निरीक्षक येत नाही. म्हणून माझी सूचना आहे की गावातल्या प्रत्येक सरकारी शिडीला नंबर द्या, नोंदवहीत तिची लांबी लिहा, आणि तपासणी ग्रामसभेपुढं ठेवा. तुटकी शिडी कोपऱ्यात ठेवू नका. ती कुणीतरी उचलतंच. तिचे तुकडे करा.

एक शेवटचं. लाकडी शिडीला कधी ऑइलपेंट देऊ नका, जवसाचं तेल चोळा. मंडपाबाहेर मी सात शिड्या उभ्या केल्या आहेत. लाल रंगाची सगळ्यांत देखणी आहे. चहा घेतल्यावर तिच्या तिसऱ्या पायरीखालचा रंग नखानं खरवडून बघा. चढू मात्र नका.